संगणकातील फाइली आणि प्रकल्प यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुण्यातील संशोधक विद्यार्थी, डीटीपीचे काम करणारे, लहान संस्थांचे आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी, तसेच घरातील जुनी कागदपत्रे व फोटो संगणकावर आणू पाहणारे वाचक यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. या सर्वांची कामे वेगवेगळी असली तरी अडचण बहुधा एकच असते. फाइल सापडते, उघडतेही. पण ती कशासाठी केली होती आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे सांगणारे काहीच तिच्याजवळ नसते.

मेटाडेटा म्हणजे काय? संगणक तो आपोआप ठेवतो, तर वेगळ्या नोंदींची गरज काय?

फाइलमध्ये जे आहे त्याविषयीची माहिती म्हणजे मेटाडेटा. फाइलचे नाव, आकार, ती शेवटची कधी बदलली, ती कोणाच्या मालकीची आहे आणि कोणाला उघडता येते, हे सारे संगणक स्वतः नोंदवतो. डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल प्रत्येक फोटोत एक्झिफ नावाच्या ठरलेल्या मांडणीत फोटो काढल्याची वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. वर्डची फाइल लेखकाचे नाव आणि शेवटचा बदल कोणी केला हे स्वतःजवळ बाळगते.

या माहितीतून ‘केव्हा’, ‘किती’ आणि ‘कशाने’ या प्रश्नांची उत्तरे मिळतात. हे काम का हाती घेतले, आकडे कुठून आणले, तीन मसुद्यांपैकी मान्य झालेला कोणता, कोणता भाग अजून तपासायचा राहिला आहे, हे मात्र संगणकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असते आणि त्याने लिहून ठेवले नाही, तर ते त्याच्याबरोबरच जाते. पूर्वी पोथीची नक्कल पूर्ण झाली की लेखनिक शेवटी पुष्पिका लिहीत असे आणि तीत पुष्कळदा शक, तिथी, गाव, स्वतःचे नाव आणि ती कोणासाठी लिहिली हे येत असे. आज त्या चार ओळींच्या आधाराने अभ्यासक पोथीचा काळ आणि स्थळ ठरवतात. आपल्या फाइलींना अशाच चार ओळींची आवश्यकता आहे.

फाइलसमोर दिसणाऱ्या तारखेवर विश्वास ठेवावा का?

मर्यादित प्रमाणात. विंडोजमध्ये एखादी फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली, तर ‘निर्मितीची तारीख’ म्हणून कॉपी केल्याची वेळ लागते, तर ‘बदलाची तारीख’ मूळचीच राहते. त्यामुळे फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली असे विचित्र चित्र दिसते. ईमेलमधून किंवा क्लाउडवरून उतरवून घेतलेल्या फाइलीला बहुतेक वेळा उतरवल्या दिवसाचीच तारीख मिळते. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या संगणकप्रणालीत ‘सीटाइम’ म्हणून दिसणारी वेळ अनेक जण निर्मितीची समजतात, पण प्रत्यक्षात ती फाइलच्या मजकुरात, परवानग्यांत किंवा मालकीत झालेल्या शेवटच्या बदलाची असते. ज्या कामात तारखेला महत्त्व आहे, त्या कामाची तारीख फाइलच्या नावात किंवा नोंदीत स्वतः लिहावी.

नोंद लिहावी कुठे? फाइलच्या गुणधर्मांत, क्लाउडवरील वर्णनाच्या चौकटीत, की वेगळ्या फाइलमध्ये?

माझे स्पष्ट मत असे आहे की मुख्य नोंद त्याच फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये असावी. नोटपॅडसारख्या कोणत्याही साधनाने उघडणारी, यूटीएफ-८ या मराठीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या संकेतपद्धतीत जतन केलेली साधी टेक्स्ट फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते आणि तिच्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. संगणकाच्या जगात या फाइलला ‘रीडमी’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. आपण तिला ‘००_आधी-हे-वाचा’ असे नाव दिले, तर सुरुवातीच्या शून्यांमुळे ती यादीत सहसा वरच राहते.

इतर जागा अगदीच निरुपयोगी आहेत असे नाही, पण त्यांची मर्यादा ओळखून वापराव्यात. विंडोजमध्ये वर्डच्या किंवा जेपेग फोटोच्या गुणधर्मांत लिहिलेले टॅग फाइलच्या आत साठवले जातात, म्हणून ते फाइलबरोबर जातात. परंतु साध्या टेक्स्ट फाइलला तशी सोयच नसते. मॅकवर फाइंडरमध्ये लिहिलेली टिप्पणी फाइलच्या मजकुराबाहेर राहते आणि ती फाइल ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर गेली की मागे राहण्याचा धोका असतो. गूगल ड्राइव्हमध्ये फाइलच्या तपशिलात वर्णन लिहिता येते, परंतु फाइल उतरवून घेतल्यावर ते वर्णन तिच्यासोबत येत नाही. ज्या माहितीवाचून फाइलचा अर्थ लागणार नाही, ती माहिती एखाद्या विशिष्ट कंपनीच्या चौकटीत अडकवून ठेवू नये.

त्या फाइलमध्ये नेमके काय लिहावे?

ग्रंथालयशास्त्रात यासाठी आखलेल्या अनेक पद्धती आहेत. त्यांतील सर्वांत सुटसुटीत म्हणजे ‘डब्लिन कोअर’. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून ती पुढे आली आणि तिच्यात शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, तारीख, स्रोत, भाषा, हक्क अशी १५ अंगे आहेत. मोठ्या संग्रहाला ती सर्व उपयोगी पडतात. घरच्या किंवा लहान संस्थेच्या कामाला ही पंधराही अंगे भरत बसलो, तर आठवड्याभरात कंटाळा येऊन नोंद ठेवणेच थांबते, म्हणून त्यांतील आवश्यक तेवढीच उचलावीत आणि त्यांत ‘निर्णय’ व ‘राहिलेले काम’ या दोन बाबींची भर घालावी. एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेचे काम चालू आहे असे समजा. त्या फोल्डरमधील नोंद अशी असू शकेल:

प्रकल्प: सुवर्णमहोत्सवी स्मरणिका
कोणासाठी: सभासद व देणगीदार, छापील प्रत आणि पीडीएफ
जबाबदारी: मजकूर – संपादन समिती, मांडणी – बाहेरील डीटीपी
फोल्डर: ‘०१_लेख’ मध्ये लेखकांनी पाठवलेल्या मूळ फाइली आहेत, त्यांत बदल करू नये, ‘०२_संपादित’ मध्ये चालू काम, ‘०३_छपाई’ मध्ये छापखान्यात दिलेली अंतिम पीडीएफ
स्रोत: पान ४० पुढील आकडे वार्षिक अहवालांतून घेतले आहेत, १९८० पूर्वीचे अहवाल मिळाले नाहीत
निर्णय: २०२४-०७-१२ – जाहिराती फक्त शेवटच्या आठ पानांत घ्याव्यात, असे बैठकीत ठरले
राहिलेले: तीन जुन्या फोटोंतील व्यक्तींची नावे ज्येष्ठ सभासदांकडून खात्री करून घ्यायची आहेत

यातील ‘१९८० पूर्वीचे अहवाल मिळाले नाहीत’ ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. जे आहे ते पुढच्या माणसाला फोल्डरमध्ये दिसेलच. जे शोधूनही मिळाले नाही, ते मात्र लिहिल्यावाचून कोणालाही कळणार नाही, आणि तोच शोध पुन्हा पहिल्यापासून घेतला जाईल. निर्णयांचेही तसेच आहे. निर्णयाबरोबर त्याचे कारण लिहिले नाही, तर नवा माणूस तो चुकीचा समजून बदलतो.

सगळी माहिती फाइलच्या नावातच घातली तर चालणार नाही का?

नावात ओळख पटण्यापुरती माहिती असावी, इतिहास नसावा. तारीख, विषय आणि टप्पा एवढे पुरते: ‘२०२४-०८-१८_वार्षिक-सभा_इतिवृत्त_मसुदा-२’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातील क्रम आहे आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ असा की नावांप्रमाणे लावलेली यादी आपोआप कालक्रमानेही लागते. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल शेवटचे’ अशी नावे देण्यापेक्षा मसुद्यांना क्रमांक द्यावेत आणि त्यांतील मान्य प्रत कोणती ते नोंदीत लिहावे.

मराठीत नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्थेत एका नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सारे वेगळे मोजले जात असल्याने ८५ चिन्हांतच मर्यादा संपते, म्हणजे लांबलचक मराठी नाव तेथे नाकारले जाऊ शकते. विंडोजमध्ये तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हे नावात चालत नाहीत. अंक देवनागरी वापरावेत की इंग्रजी, याबाबत एकदा ठरवून तेच पाळावे, कारण मिश्रण केल्यास यादीचा क्रम बिघडतो.

जुनी मराठी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची सरमिसळ दिसते. फाइल खराब झाली आहे का?

बहुधा नाही. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारे जागतिक मानक, सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठीतील बहुतेक डीटीपी अशा फाँटांत झाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवले जात आणि फाँट त्यांना मराठी रूप देई. तो फाँट संगणकावर नसला की मजकूर निरर्थक दिसतो. भारतीय भाषांसाठी इस्की ही मानक संकेतप्रणाली १९९१ मध्ये आली, पण प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी राहिली. या क्षेत्रात पुण्याचा वाटा मोठा आहे: १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संगणक संशोधन संस्थेने येथूनच भारतीय लिप्यांसाठी तंत्रज्ञान विकसित केले, आणि श्रीलिपी हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही पुण्याचीच. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील प्रकाशकांकडे आणि शहरातील छापखान्यांकडे गेल्या तीन-साडेतीन दशकांतला जो मजकूर डिस्कवर पडून आहे, त्यातील मोठा भाग अशाच फाँटांत आहे.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र त्यासाठी मूळ फाँट कोणता होता हे कळावे लागते, कारण प्रत्येक मांडणीसाठी रूपांतराचे कोष्टक वेगळे असते. म्हणून अशा फोल्डरमध्ये फाँटचे संपूर्ण नाव, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, मांडणी पेजमेकरमध्ये होती की अन्य कशात, आणि शक्य असल्यास त्याच पुस्तकाच्या छापील प्रतीतील एखाद्या परिच्छेदाचे स्कॅन इतके अवश्य ठेवावे. तो परिच्छेद रूपांतर बरोबर झाले की नाही हे पडताळायला उपयोगी पडतो. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी येथे सर्वाधिक गडबड होते. ‘आपल्याकडे पीडीएफ आहे, मग चिंता नाही’ असे समजू नये. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत असल्यास पान डोळ्यांना नीट दिसते, पण त्यातला मजकूर शोधायला किंवा कॉपी करायला गेल्यास पुन्हा तीच रोमन अक्षरे हाती येतात. ही नोंद करण्याची वेळ आत्ताच आहे, कारण कोणता फाँट वापरला होता हे ज्यांना आठवते, ती माणसे अजून भेटू शकतात.

पोथ्या, जुनी पत्रे किंवा मोडी कागद स्कॅन करताना काय नोंदवावे?

सर्वप्रथम मूळ वस्तू कुठे आहे ते. खाजगी संग्रह असेल तर कोणत्या घरातील, कोणत्या पेटीतील, कितव्या बांधणीतील; संस्थेतील असेल तर तिथला क्रमांक जसाच्या तसा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील शासकीय हस्तलिखित संग्रहाचे क्रमांक, हस्तलिखित ज्या वर्षीच्या संग्रहात आले त्या वर्षासह दिले जातात. तिथला नुसता क्रमांक लिहून घेतला आणि ‘१८८०-८१’ असे वर्ष गाळले, तर ते हस्तलिखित पुन्हा मागवणे अवघड होते. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत, तेव्हा तेथील नोंदीत रुमालाचा उल्लेख हवाच.

दुसरी बाब तारखेची. कागदावर जी तारीख आहे ती अक्षरशः उतरवावी आणि तिचे इसवी सनातील रूपांतर वेगळ्या रकान्यात द्यावे. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. केवळ रूपांतरित तारीख ठेवली, तर रूपांतरातील चूक नंतर पकडता येत नाही. मराठेशाहीतील अनेक पत्रांत तिथी किंवा महिना-दिवस असतो आणि वर्ष नसते. अशा वेळी अभ्यासकाने अनुमानाने ठरवलेले वर्ष चौकटी कंसात द्यावे आणि अनुमानाचा आधार एका वाक्यात सांगावा.

स्कॅन कोणी, केव्हा, किती डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके, म्हणजे किती बारकाव्याने) केले, पाठपोट दोन्ही बाजू घेतल्या का, कोरी पाने सोडली का, हेही लिहावे. कोरी पाने सोडल्याची नोंद नसली, तर पुढचा वाचक पाने गहाळ आहेत असे समजतो.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंची मूळ माहिती मिळू शकते का?

फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला असेल तर नाही. पाठवताना तो लहान केला जातो आणि एक्झिफमधील माहिती निघून जाते. अँड्रॉइडवर नव्या नावात दिसणारी तारीख फोटो काढल्याची नसते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी येते. लग्नाचे, मंडळाच्या मिरवणुकीचे किंवा संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो गोळा करताना सर्वांना हे आधीच सांगावे. फोटोतील व्यक्तींची नावे मात्र कोणताच कॅमेरा लिहीत नाही. ती डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार, वेगळ्या फाइलमध्ये लिहावीत.

सोसायटीची किंवा मंडळाची कार्यकारिणी बदलताना कोणत्या नोंदी सुपूर्द कराव्यात?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि या काळात इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल, महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार, दुरुस्तीची अंदाजपत्रके असे बरेच काही कोणाच्या तरी वैयक्तिक लॅपटॉपवर किंवा वैयक्तिक ईमेल खात्यावर साठते. खाते व्यक्तीचे असेल तर त्यावरील फाइलींचा ताबाही व्यक्तीकडेच राहतो, म्हणून संस्थेच्या नावाचे स्वतंत्र खाते आधी उघडावे. त्यानंतर एका पानाची सूची करावी, जिच्यात प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजासमोर मूळ कागद कुठे आहे, स्कॅन कुठे आहे आणि त्याची पुढची मुदत कोणती, हे लिहिलेले असेल. कन्व्हेयन्स डीड, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे आणि लिफ्टच्या देखभालीचा करार यांनी सूचीची सुरुवात करावी. सूचीवर मावळत्या आणि नव्या सचिवांच्या सह्या घ्याव्यात. पासवर्ड या सूचीत लिहू नयेत. ते कोणाकडे आहेत एवढेच लिहावे.

संशोधनासाठी गोळा केलेल्या आकडेवारीच्या फाइलींना वेगळ्या नोंदी लागतात का?

होय, आणि प्रबंध सादर करण्याच्या घाईत याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. प्रत्येक रकान्याचे नाव, त्याचा अर्थ, एकक आणि माहिती नसेल तिथे काय लिहिले आहे, हे सांगणारी फाइल आकड्यांच्या शेजारीच असावी. पावसाचे उदाहरण घ्या. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजतो; म्हणजे शिवाजीनगर केंद्रापुढे एका तारखेला लिहिलेल्या पावसातील बराचसा भाग आदल्या दिवशी पडलेला असू शकतो. ही एक ओळ नोंदीत नसेल, तर तोच आकडा नदीच्या त्याच दिवसाच्या पाणीपातळीशी जोडणारा विद्यार्थी चुकीच्या निष्कर्षाला पोचेल. तसेच शून्य म्हणजे पाऊस झाला नाही आणि रिकामी जागा म्हणजे मोजणी झाली नाही, हा भेद कुठेतरी शब्दांत मांडलेला असला पाहिजे. एक्सेल सुरुवातीची शून्ये गाळते आणि ‘०३-०४’ सारख्या मजकुराची स्वतःच तारीख करून टाकते, म्हणून मूळ आकडे एका वेगळ्या फाइलमध्ये न बदलता ठेवावेत आणि त्यांवर केलेली प्रत्येक प्रक्रिया क्रमाने लिहून ठेवावी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना गिट, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे साधन, परिचित असेलच. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते तयार केले. प्रत्येक बदलासोबत संदेश लिहिण्याची त्यातील सोय ही नोंदवहीच आहे, पण संदेशात ‘बदल केले’ एवढेच लिहिले तर तिचा उपयोग शून्य. काय बदलले हे गिट स्वतः दाखवते. का बदलले ते आपण लिहायचे असते.

या कामासाठी एखादे खास सॉफ्टवेअर घ्यावे का?

सुरुवातीला नको. पुस्तके-लेखांचे संदर्भ नोंदवण्यासाठी झोटेरोसारखे मोफत साधन जरूर वापरावे, परंतु साध्या टेक्स्ट फाइलची सवय लागण्याआधी सॉफ्टवेअर घेतले, तर वेळ साधन शिकण्यातच जातो.

बॅकअपमधील प्रत मूळ फाइलसारखीच आहे हे कसे ओळखावे?

त्यासाठी चेकसम वापरतात. एसएचए-२५६ ही पद्धत कोणत्याही फाइलवरून ६४ अक्षर-अंकांची एक ओळख काढते आणि फाइलमध्ये एका अक्षराचाही फरक पडला, तर ती ओळख पूर्णपणे बदलते. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने, तर लिनक्स व मॅकवर तशाच अंगभूत आज्ञांनी ती काढता येते. फोल्डरमधील सर्व फाइलींच्या ओळखींची यादी एका फाइलमध्ये साठवावी आणि नव्या डिस्कवर प्रत केल्यावर पुन्हा काढून ताडून पाहावी. दररोज बदलणाऱ्या फाइलींसाठी याची गरज नाही. काम संपलेल्या, जपून ठेवायच्या संग्रहासाठी आहे.

नोंदींमुळे खाजगी माहिती उघड होण्याचा धोका आहे का?

आहे. घरात काढलेल्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात आणि वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचे नाव किंवा न काढलेल्या टिप्पण्या राहू शकतात. बाहेर पाठवण्याच्या प्रतीतून ही माहिती काढावी, जपून ठेवण्याच्या प्रतीतून काढू नये. सर्वेक्षणातील व्यक्तींची नावे आणि त्यांना दिलेले सांकेतिक क्रमांक यांची यादी मूळ आकडेवारीपासून दूर, मोजक्याच लोकांच्या हाती असावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संस्थांनी तर या बाबतीत विशेष दक्ष राहायला हवे.

नोंदी मराठीत लिहाव्यात की इंग्रजीत?

ज्या भाषेत आपण न अडखळता लिहितो, त्या भाषेत. परदेशी सहकाऱ्यांबरोबरचे काम असेल तर इंग्रजी ठीक. सोसायटी, मंडळ, घर आणि मराठी संशोधन यांच्या नोंदी मराठीतच अधिक नेमक्या होतात.

माझ्याकडे बारा-पंधरा वर्षांच्या हजारो फाइली आहेत. सुरुवात कुठून करू?

सगळ्या फाइलींची नावे बदलण्याच्या मागे लागू नये. आधी संपूर्ण संग्रहाची एक प्रत जशीच्या तशी एक्सटर्नल डिस्कवर घ्यावी आणि तिला हात लावू नये, कारण फाइलींचा मूळ क्रम आणि तारखा यांतूनही पुष्कळ कळते. त्यानंतर फक्त सर्वांत वरच्या फोल्डरांसाठी प्रत्येकी पाच ओळी लिहाव्यात. फाइल-फाइलची नोंद त्याच फोल्डरची करावी, ज्यातली माहिती अन्यत्र कुठेही नाही किंवा जी कायद्याने व व्यवहाराने लागणार आहे. बाकीच्या फोल्डरांच्या नोंदी जसजसे ते कामानिमित्त उघडले जातील तसतशा कराव्यात. दिवंगत व्यक्तीच्या संगणकावरील फाइली असतील, तर त्या कामाची माहिती असणाऱ्या सहकाऱ्यांना किंवा नातेवाइकांना लवकर भेटून, स्क्रीनसमोर बसवून, ते सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि कोणी व केव्हा सांगितले हेही त्याच ओळीत लिहावे.